छत्री उतरवा म्हणता? आधी तार टिकवून दाखवा!

"डिश काढून टाका, फायबर घ्या. एकाच बिलात नेट, टीव्ही, सिनेमे, क्रिकेट, सगळं!" हे वाक्य सध्या सुप्यात चहाच्या टपरीपासून व्हॉट्सॲप ग्रुपपर्यंत सगळीकडं ऐकू येतंय. विकणारा पोरगा गोड बोलतो, पहिला महिना फुकट म्हणतो, राउटर फुकट म्हणतो. आणि जाता जाता वर बोट करून सांगतो, "काका, ती छत्री भंगारात द्या आता."

मित्रांनो, थांबा. छत्री भंगारात द्यायच्या आधी दोन शब्द ऐका.

सुरुवातीलाच सांगतो, मी फायबरच्या विरोधात नाही. उलट फायबर सुप्यात, हंग्यात, वाघुंड्यात, पळव्यात, वाळवण्यात आणि गावठाणाबाहेरच्या एकेका वस्तीवर आलंच पाहिजे, या मताचा मी आहे. माझं भांडण वेगळं आहे. आपल्याला विकला जातोय "टीव्ही" आणि आपल्याला हवं आहे "भरवशाचं नेट". या दोन गोष्टी एक नाहीत. पहिली विकून दुसरीची जबाबदारी झटकायचा जो धंदा चाललाय, त्याबद्दल ही पोस्ट.

लोक डिश सोडतायत हे खरंच आहे. ट्रायचे आकडे बघा. २०२० च्या सुमारास देशात पैसे भरून डिश बघणारे चालू ग्राहक ७ कोटींच्या आसपास होते. मार्च २०२५ ला ते ५ कोटी ७० लाखांच्याही खाली आले. पाच वर्षांत सव्वा कोटीच्या वर घरं गेली. काही फुकटच्या डीडी फ्री डिशवर गेली, काही नेटवर.

ते का गेले, हेही समजण्यासारखं आहे. २०१९ च्या फेब्रुवारीत नवे दर लागू झाले तेव्हा सांगितलं गेलं, "जे चॅनल बघाल त्याचेच पैसे भरा." प्रत्यक्षात काय झालं? एकही पैशाचं चॅनल न घेता आधी १३० रुपये नेटवर्कचे, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. त्यावर मराठी वेगळं, हिंदी वेगळं, स्पोर्ट्स वेगळं. निवड आपली म्हणायची, पण बुके त्यांचा. सामान्य माणूस वैतागला. त्यात पोरांना मालिका ठरल्या वेळेला बघायची सवयच नाही, त्यांना पाहिजे तेव्हा पाहिजे ते लागतं. नेटवर ते मिळतं. हे सगळं मान्य.

आता खरा मुद्दा.

छत्री काम कशी करते? जमिनीपासून जवळपास ३६ हजार किलोमीटरवर उपग्रह आहे. तो वरून सिग्नल टाकतो. खाली सुप्यात दहा छत्र्या असोत की दहा हजार, त्याला फरक पडत नाही. पाऊस पडावा तसं आहे हे. शेजारच्यानं जास्त बादल्या भरल्या म्हणून तुमच्या अंगणातला पाऊस कमी होत नाही. वस्ती रस्त्यापासून किती लांब, मालक श्रीमंत की गरीब, घर पत्र्याचं की स्लॅबचं, हे उपग्रह विचारत नाही.

स्ट्रीमिंग हे नळासारखं आहे. प्रत्येक घराला वेगळी धार लागते. रात्री नऊला गल्लीतल्या चाळीस घरांनी एकदम नळ सोडला तर शेवटच्या घरात करंगळीएवढी धार येते. दुपारी तीनला स्पीड टेस्ट करून "बघा काका, शंभर!" म्हणून दाखवणारा पोरगा रात्री नऊला येत नाही, त्याचं कारण हे.

त्यामुळं छत्रीच्या जागी तार आणायची, तर मागच्या पाइपची जाडीसुद्धा त्या मापाची पाहिजे. ती किती आहे, हे कोणी सांगतं का? नाही. जाहिरातीत एकच शब्द असतो: "पर्यंत". १०० एमबीपीएस पर्यंत. माझ्या मते अख्ख्या जाहिरातीतला सगळ्यात महाग शब्द हाच. "पगार पन्नास हजारांपर्यंत" म्हणून कोणी पोरीचं लग्न जमवतं का?

आणि सरकारी व्याख्या ऐकाल तर हसाल. या देशात जानेवारी २०२३ पर्यंत ५१२ केबीपीएसला "ब्रॉडबँड" म्हणत होते. नंतर व्याख्या सुधारली, ती किती? २ एमबीपीएस. एका टीव्हीवर साधं एचडी चित्र न अडकता चालायला ५ एमबीपीएसच्या आसपास लागतात. म्हणजे कायद्यानं जे ब्रॉडबँड आहे, त्यावर घरातला एक टीव्हीसुद्धा धड चालत नाही.

काही जण म्हणतील, फायबर कशाला पाहिजे, मोबाईलवर रोज दीड-दोन जीबी मिळतोच की, हॉटस्पॉट लावायचा. हिशोब करा. एचडीला तासाला साधारण ३ जीबी जातात. दीड जीबी म्हणजे अर्धा तास. मालिका संपायच्या आधी डेटा संपतो. घरात रोज चार तास टीव्ही चालला तर १२ जीबी, महिन्याला ३६०. दोन टीव्ही असतील तर ७२०. वर पोरांचे मोबाईल, गेम, व्हिडिओ कॉल. बिनतारी होम इंटरनेटच्या ज्या प्लॅनला १००० जीबीची मर्यादा असते, तोसुद्धा मोठ्या कुटुंबाला महिनाअखेर जेमतेम पुरतो. मर्यादा संपली की वेग उतरतो आणि टीव्हीवर ते गोल गोल चक्र फिरायला लागतं. त्यामुळं मोबाईलचा टॉवर हा तारेला पर्याय नाही. तार नसेल तिथं तात्पुरती सोय म्हणून ठीक.

पैशाचंही बघू. बाजारात फायबर ३९९ पासून सुरू होतं. जीएसटी धरून ४७१. ओटीटीवाला ५९९ चा घेतला तर ७०७. ज्या घरात नेट आधीच लागतं, अभ्यासाला, कामाला, त्याला डिशचे तीन-चारशे वाचतात, फायदाच आहे. पण ज्या घरात म्हातारा-म्हातारी दोघंच, पोरगा पुण्याला, त्यांना सातशेचं नेट कशाला गळ्यात मारता? त्यांना सह्याद्री वाहिनी, बातम्या, कीर्तन आणि एखादी मालिका पुरते. आजीला चॅनलचा नंबर पाठ असतो. तिला "लॉगिन करा, ओटीपी टाका" सांगायचं, आणि तो ओटीपी जायचा चाकणला शिफ्टमधल्या पोराच्या मोबाईलवर. याला सोय म्हणत नाहीत.

आता ज्यांना वाटतं की टीव्ही म्हणजे नुसती करमणूक, त्यांनी २०२० आठवावं. शाळा बंद होत्या. ऑनलाइन शिक्षणाचा केवढा गाजावाजा! आपल्या तालुक्यातल्या किती पोरांच्या घरी तेव्हा चालणारं नेट होतं? एका घरात एक मोबाईल, तोही बापाबरोबर कामावर. त्या वेळी एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची "टिलीमिली" ही मालिका पहिली ते आठवीच्या पोरांसाठी सह्याद्रीवर लागायची. तिला डेटा लागत नव्हता. छत्री असली की झालं. नेट ज्या वस्तीवर पोचलं नाही, तिथं शाळा पोचवायची ताकद त्या छत्रीत होती. तिला भंगार म्हणण्याआधी एवढं तरी लक्षात ठेवा.

मग इतक्या वर्षांत तार का आली नाही? सरकारनं काही केलंच नाही असं नाही. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्रानं देशातल्या अडीच लाख ग्रामपंचायतींना ऑप्टिकल फायबरनं जोडायची योजना मंजूर केली. दोन वर्षांत काम संपणार होतं. पुढं तिचं नाव भारतनेट झालं. आपल्या राज्यात महानेट आलं. मुदती वाढत गेल्या. २०२३ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा सुधारित योजना मंजूर झाली, १ लाख ३९ हजार ५७९ कोटींची. तिच्यात दोन गोष्टी चांगल्या आहेत: तार सरळ रेषेत न टाकता वर्तुळात टाकायची, म्हणजे एका बाजूनं तुटली तर दुसऱ्या बाजूनं सेवा चालू राहील, आणि दहा वर्षं देखभालीची जबाबदारी.

जरा विचार करा. ही साधी अक्कल बारा वर्षांनी आली. आधी टाकलेली तार सरळ रेषेत होती, एका जागी जेसीबीचा दात लागला की पुढची सगळी गावं अंधारात. आणि देखभाल कोणाची? कोणाचीच नाही. माझी सगळ्यांना विनंती आहे, उद्या आपापल्या ग्रामपंचायतीत जा आणि एकच प्रश्न विचारा: "भारतनेटची पेटी कुठं आहे आणि तिचा दिवा लागतो का?" उत्तर काय मिळतं त्यावरून तुमच्या गावाचं डिजिटल इंडिया कळेल.

खाजगी कंपन्यांचं काय? ते जिथं धंदा आहे तिथंच जाणार. पुणे रस्त्याला लागून, एमआयडीसीच्या बाजूला, म्हसणे फाट्याकडं तार टाकायला सगळे तयार. तिथून आत शिरलं की प्रत्येक वस्तीमागं उत्तर ठरलेलं: "तिकडं फिजिबिलिटी नाही." फिजिबिलिटी नाही म्हणजे काय, तर आठ घरांसाठी दीड किलोमीटर केबल परवडत नाही. धंद्याच्या हिशोबानं बरोबर असेल. पण वीज नेतानाही हाच हिशोब लावला असता तर आपल्या अर्ध्या वस्त्यांवर आजही कंदील असते.

आणि एमआयडीसीचं उदाहरण देतो, कारण ते डोळ्यासमोर आहे. मोठा कारखाना नेट घेतो तेव्हा लेखी करार करतो. सेवा किती टक्के वेळ चालू राहिली पाहिजे, बंद पडली तर किती तासांत दुरुस्ती, नाही झाली तर दंड किती, सगळं कागदावर. ज्याचं काम अडतं तो दुसऱ्या मार्गानं दुसरी लाईनसुद्धा ठेवतो. त्याच कारखान्यात काम करणारा माणूस संध्याकाळी सुप्यात घरी येतो, तेव्हा त्याच्या घरचं नेट तीन दिवस बंद असतं आणि कस्टमर केअर सांगतं, "सर, आपली तक्रार नोंदवली आहे." कंपनीला भरवसा विकतात, माणसाला "पर्यंत" विकतात.

मी स्वतः घरी एक वही ठेवलीय. नेट कधी गेलं, कधी आलं, तक्रार नंबर काय, कोण काय बोललं. कंपनीचं नाव इथं घेत नाही, कारण मुद्दा एका कंपनीचा नाही. वहीत कारणं चारच आहेत, आलटून पालटून: "रोडचं काम चालू आहे", "पाइपलाइनच्या खोदाईत केबल तुटली", "उंच गाडीनं पोलवरची केबल ओढली" आणि "लाईट नाही".

यातल्या खोदाईचं औषध सरकारकडंच आहे. २०२३ च्या मार्चमध्ये "कॉल बिफोर यू डिग" नावाचं ॲप काढलं. खोदणाऱ्यानं आधी कळवायचं, म्हणजे खाली तार, पाइप काय आहे ते संबंधितांना समजेल. किती ठेकेदार वापरतात? त्यांना विचारायचं काम कोणाचं? आपलंच, कारण तुटते ती तार आपली.

विजेचं तर काय बोलायचं! शहाजापूरच्या डोंगरावर पवनचक्क्या गरागरा फिरतायत आणि खाली घरात लाईट गेली की राउटर मेलं. इन्व्हर्टर असेल तर टीव्ही लागतो, छत्रीवर चॅनल दिसतं. पण नेटचं तसं नाही. तुमच्या घरचं राउटर इन्व्हर्टरवर चालेल, पुढं गल्लीच्या टोकाला ऑपरेटरच्या पेटीला बॅकअप नसेल तर तुमच्या इन्व्हर्टरचा उपयोग शून्य. हा प्रश्न कनेक्शन घेताना कोणीच विचारत नाही. विचारा.

न्यायानं बोलायचं तर छत्रीलाही दुखणं आहे. जोराचा पाऊस आला, काळं आभाळ दाटलं की सिग्नल जातो. वाऱ्यानं तोंड फिरलं की माणूस बोलवावा लागतो. पण पाऊस थांबला की चित्र परत येतं. तुटलेली तार पाऊस थांबल्यावर आपोआप जोडली जात नाही.

आता क्रिकेट. भारताचे घरच्या मैदानावरचे वनडे आणि टी-२० सामने दूरदर्शनला द्यावेच लागतात, २००७ चा कायदा आहे. म्हणून फ्री डिशवाल्या गरिबालाही भारताची मॅच फुकट दिसते. हा कायदा नेटवरच्या ॲपला बांधत नाही. आयपीएलचं बघितलंत ना? २०२३ ला ॲपवर फुकट. सगळ्यांना सवय लागली. २०२५ ला पैसे भरा. ॲमेझॉननंही २०२५ च्या जूनमध्ये आधीच पैसे भरलेल्या लोकांना जाहिराती दाखवायला सुरुवात केली. जाहिरात नको असेल तर आणखी पैसे. डिशच्या दरावर निदान ट्रायचं थोडंफार लक्ष असतं. ॲपनं उद्या दर दुप्पट केले तर विचारणारं कोणी नाही. गावातल्या सगळ्या छत्र्या उतरल्यावर हे दर कोणत्या दिशेला जातील, ते सांगायला ज्योतिषी लागत नाही.

मला माहितेय, काही मित्र म्हणणार, "भाऊ, तुम्ही प्रगतीच्या आड येताय." अजिबात नाही. भरवशाचं नेट म्हणजे नुसता टीव्ही नाही. एमपीएससीचा अभ्यास करणाऱ्या पोरीला पुण्यात खोली घेऊन राहायचे पैसे वाचतात. घरून काम करणारा पोरगा गावात राहतो. कांद्याचा बाजार घरबसल्या कळतो. डॉक्टरला व्हिडिओवर रिपोर्ट दाखवता येतो. केरळनं २०२३ मध्ये के-फोन नावाचं सरकारी फायबर नेटवर्क सुरू केलं आणि २० लाख गरीब कुटुंबांना फुकट कनेक्शन द्यायचं उद्दिष्ट ठेवलं. त्यांना जमलं किती, यावर वाद घाला, पण त्यांनी निदान नेटला पाणी-विजेच्या पंक्तीत बसवलं. आपल्याकडं अजून ते करमणुकीच्या पाकिटात गुंडाळून विकतात. करमणूक म्हटलं की बंद पडलं तरी कोणी ओरडत नाही. "जाऊ द्या, मालिका उद्या बघू." हीच तर त्यांची सोय आहे!

म्हणून माझं सरळ म्हणणं: छत्री उतरवा, पण तारेची परीक्षा घेऊन. कशी घ्यायची ते सांगतो.

१) एक पूर्ण पावसाळा दोन्ही ठेवा. डिशवर सगळ्यात कमी पैशाचा पॅक टाका किंवा फ्री डिश लावा. तार पावसाळा काढू शकली तर पुढचं बघू.

२) सहा महिन्यांचे, वर्षाचे पैसे आगाऊ भरू नका. दोन महिने जास्त देतो म्हणतात, त्याला भुलू नका. एकदा पैसे गेले की तुमचा फोन उचलायची त्यांना गरज राहत नाही.

३) स्पीड टेस्ट रात्री नऊ ते दहा करा, सलग आठवडाभर, आणि स्क्रीनशॉट ठेवा.

४) दोष दर वेळी कंपनीचा नसतो, घरातलंही बघा. राउटर कपाटात, टीव्हीच्या मागं, लोखंडी रॅकमध्ये ठेवू नका. दगडी भिंतीतून आणि स्लॅबमधून वायफाय नीट जात नाही. टीव्ही एका जागचा हलत नाही, मग त्याला वायफाय कशाला? राउटरपासून टीव्हीपर्यंत सरळ लॅनची वायर टाका, निम्म्या तक्रारी तिथंच संपतील. राउटरला छोटा यूपीएस लावा, हजार-दोन हजारात येतो.

५) बंद पडलं की फोनवर भांडू नका, तक्रार नंबर घ्या. दुरुस्ती लांबली तर भाड्यात सूट मागा, ट्रायच्या नियमात तशी तरतूद आहे. ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमांत तर जिल्ह्यात सेवा २४ तासांपेक्षा जास्त ठप्प राहिली तरी भरपाई आहे. कंपनीनं ऐकलं नाही तर तिच्याच अपील अधिकाऱ्याकडं जा. तिथंही नाही झालं तर नगरला ग्राहक आयोग आहे. टेलिकॉम कंपनीविरुद्ध तिथं जाता येतं, हे सुप्रीम कोर्टानं २०२२ मध्ये स्पष्ट केलंय, आणि ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही.

आणि ग्रामपंचायतीसाठी वेगळं. येत्या ग्रामसभेत तीन ठराव मांडा. एक, भारतनेटच्या जोडणीची स्थिती नोटीस बोर्डावर लावा: चालू की बंद, बंद असेल तर कधीपासून. दोन, गावात कोणतीही खोदाई करणाऱ्यानं आधी कळवल्याशिवाय आणि तार तुटल्यास जोडून देण्याचं लेखी दिल्याशिवाय कुदळ मारायची नाही. तीन, ज्या कंपनीला गावठाणात तार टाकायची आहे, तिनं वस्त्यांवर कधी जाणार याचं वेळापत्रक गावासमोर मांडावं. मलई गावठाणात खायची आणि वस्तीला "फिजिबिलिटी नाही" सांगायचं, हे चालणार नाही.

आपल्या केबलवाल्यांनाही एक सांगणं आहे. तुमच्यातल्या अनेकांनी केबलवरून नेटच्या धंद्यात उडी घेतलीय, चांगलं केलं. मोठ्या कंपनीकडं नसलेली एक गोष्ट तुमच्याकडं आहे: तुम्ही गावात राहता. फोन केला तर अर्ध्या तासात शिडी घेऊन येऊ शकता. तोच तुमचा खरा माल आहे, तो विका. पेटीला बॅटरी लावा, केबल गाडीच्या उंचीच्या वर घ्या, आणि "येतो येतो" म्हणून दोन दिवस फोन बंद ठेवायची सवय सोडा. गाव तुमच्याकडंच येईल.

आपल्या तालुक्यानं पाण्याचा हिशोब अख्ख्या देशाला शिकवला. राळेगणला लोक बघायला यायचे की थेंब थेंब कसा अडवला. पाण्याबाबत आपण टँकरवाल्याच्या भरवशावर राहायचं नाही असं ठरवलं, तेव्हाच काहीतरी झालं. नेटचंही तसंच आहे. फुकट राउटर हा टँकर आहे. आज दारात उभा आहे, उद्या येईलच असं नाही. आपल्याला कायमचा नळ पाहिजे, आणि तो "पर्यंत" शिवाय पाहिजे.

पटलं असेल तर ग्रामसभेला या. आणि येताना आपल्या नेटच्या तक्रारींचे नंबर लिहून आणा.